दुसरी सैरंध्री

महाभारत ही आपल्याकडची कधीच न संपलेली कथामालिका आहे. कीर्तनकारांनी, शाहिरांनी, नाटककारांनी आणि पुढे चित्रपटवाल्यांनी तिचे आपापले भाग रचले आणि प्रत्येक नवा भाग आधीच्या भागांच्या पंक्तीला बसवून लोकांनी तोलला. कोल्हापूरने या मालिकेतले कीचकवधाचे एकच आख्यान तेरा वर्षांच्या अंतराने दोनदा पडद्यावर आणले. १९२० साली बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 'सैरंध्री' हा मूकपट काढला. १९३३ साली त्यांच्याच शिष्यांच्या प्रभात फिल्म कंपनीने त्याच नावाचा बोलपट काढला, तोही रंगीत. पहिल्या सैरंध्रीने कोल्हापूरला चित्रपटाच्या नकाशावर आणले. दुसऱ्या सैरंध्रीकडे तिच्याहून कितीतरी जास्त साधने होती, अनुभव होता, नावलौकिक होता, तरीही तिने प्रेक्षकांची आणि कंपनीचीही निराशा केली. चित्रपटाच्या इतिहासात या अपयशाचे एक ठराविक कारण दिले जाते. रंग बिघडले, म्हणून चित्रपट पडला, असे ते कारण. रंग बिघडले होते यात वाद नाही. पण हे कारण अर्धवट आहे आणि सोयीचेही आहे, असे माझे मत आहे. दुसऱ्या सैरंध्रीचे दुखणे रंगाच्या रसायनात सुरू झाले नाही. या कथेला नवे काय द्यायचे हे ठरवताना ते सुरू झाले. चित्रीकरण त्यानंतरचे आणि रसायन तर त्याहून नंतरचे.

हे नीट समजायचे तर आधी पहिल्या सैरंध्रीकडे पाहिले पाहिजे. बाबूराव पेंटर, म्हणजे मूळचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, आणि त्यांचे बंधू आनंदराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे नामांकित कलावंत. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघा भावांनी चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. त्यासाठी कॅमेरा हवा होता, तो त्यांनी स्वतःच बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून ते काम नेटाने पुढे नेले आणि १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात घडलेला कॅमेरा चालू झाला. कंपनीला पैसा पुरवणाऱ्यांत गायिका तानीबाई कागलकर होत्या आणि छत्रपती शाहू महाराजांचा आधार होता. म्हणजे पडदा रंगवणारा हात, यंत्र जुळवणारा हात, पैसा उभा करणारी माणसे आणि आश्रय देणारा दरबार, सगळे एका गावातले. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात 'सैरंध्री' लागला. लोकमान्य टिळकांनी तो पाहिला, बाबूरावांना सुवर्णपदक दिले आणि 'सिनेमा केसरी' ही पदवी बहाल केली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत टिळकांचे निधन झाले.

टिळकांनी हे कौतुक केवळ कलेच्या प्रेमापोटी केले, असे मानता येत नाही. कीचकवधाचे आख्यान त्या काळी नुसते पौराणिक राहिलेले नव्हते. टिळकांच्या 'केसरी'शी निकटचा संबंध असलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. त्यातला कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, अपमानित द्रौपदी म्हणजे हा देश, थांबा म्हणणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि हात शिवशिवणारा भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावे लागत नव्हते. लंडनच्या 'टाइम्स'चा व्हॅलेंटाइन चिरोल याने आपल्या १९१० च्या पुस्तकात हिंदुस्थानातल्या असंतोषाचा पुरावा म्हणून या नाटकाची दखल घेतली आणि त्याच वर्षी सरकारने नाटकावर बंदी घातली. तेव्हा १९२० साली पुण्याच्या प्रेक्षागृहात बसलेला माणूस कोणती तहान घेऊन आला होता, हे ओळखणे अवघड नाही. दहा वर्षे ज्या कीचकाला रंगमंचावर मरायची मनाई होती, तो पडद्यावर मरणार होता. जालियनवाला बागेला वर्षही झालेले नव्हते. चित्रपट मुका होता, पण इथे ते मुकेपणच कामी आले. ज्या संवादांवर सरकारने बोट ठेवले होते ते पडद्यावर नव्हतेच. ज्याने ते ऐकले होते किंवा वाचले होते, तो ते मनातून पुरवू शकत होता आणि मनातल्या संवादांना कात्री लावता येत नाही.

या चित्रपटातले दुसरे मोठे पाऊल म्हणजे द्रौपदीच्या कथेत बाईची भूमिका बाईनेच केली. फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी तारामतीसाठी पुरुष उभा करावा लागला होता. बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आणले. सिनेमात उभे राहणे ही तेव्हा बाईसाठी समाजाचा रोष ओढवून घेण्याची गोष्ट होती. भर दरबारात लाथ खाऊन न्याय मागणाऱ्या दासीची गोष्ट सांगताना ती दासी खरोखरीची बाई असणे हा निव्वळ तांत्रिक फरक नव्हता. आणि तिसरे पाऊल म्हणजे प्रत्यक्ष वध. भीम कीचकाला ठार करतो ते दृश्य इतके अंगावर येणारे होते की प्रेक्षागृहात लोक हादरले आणि पुढे ते कापून टाकावे लागले. मल्लविद्या ज्या गावाच्या रक्तात आहे, ज्या गावात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले, त्या गावच्या कंपनीने दोन बलदंड पुरुषांची झुंज दाखवावी आणि ती खरी वाटावी, यात नवल नाही. व्यासांनीही हा वध बाहुयुद्ध म्हणूनच रंगवला आहे. त्यात शस्त्र नाही, डावपेच आणि ताकद आहे.

या तीन गोष्टींकडे एकत्र पाहिले की एक सूत्र हाती लागते. पहिल्या सैरंध्रीत जे जे नवे होते ते कथेतूनच वर आलेले होते. राजकीय धग आख्यानात आधीच होती, ती पडद्यावर आली. बाईचा अपमान हा कथेचा कणा, तो बाईने साकारला. वध हा कथेचा कळस, तो कोल्हापूरच्या मातीतल्या कुस्तीने जिवंत केला. कॅमेऱ्याचे अप्रूप होतेच, पण त्या अप्रुपाला कथेने पोटात घेतले होते.

पुराणकथेच्या प्रेक्षकाबद्दल एक गैरसमज नेहमी आढळतो. ज्याला शेवट ठाऊक आहे तो फक्त भाविकपणे बघायला येतो, असे समजले जाते. हे खरे नाही. कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यान पाठ असते आणि म्हणूनच तो सर्वांत कडक परीक्षक असतो. बुवांनी आज या प्रसंगात काय नवे दाखवले, कोणाच्या बाजूने कथा उभी केली, कुठे थांबले, कुठे घाई केली, हे तो बारकाईने पाहतो. कीचक मरणार की नाही हा त्याचा प्रश्नच नसतो. आज कीचक का मरावा, हा त्याचा प्रश्न असतो. जुनी कथा पुन्हा सांगणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे लागते.

प्रभातच्या मंडळींना हे कळत नव्हते, असे अजिबात नाही. दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघेही बाबूरावांच्या तालमीत तयार झालेले. पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी त्यांनी कोल्हापुरातच प्रभात सुरू केली. मूकपट काढले, मग बोलपटाचे युग आले आणि ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात त्यांचा 'अयोध्येचा राजा' लागला. तीही जुनीच कथा. हरिश्चंद्राच्याच आख्यानाने फाळक्यांनी १९१३ साली सुरुवात केली होती. तरीही हा चित्रपट गाजला, कारण नवे काय द्यायचे याची निवड अचूक होती. हरिश्चंद्राची सारी कथा दिलेल्या शब्दावर उभी आहे. राजा बोलतो आणि त्या बोलण्याला बांधला जातो. मूकपटात हे वचन पाटीवर वाचावे लागे, बोलपटात ते कानांनी ऐकू आले. गोविंदराव टेंब्यांचा गाता हरिश्चंद्र आणि सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातून आलेल्या दुर्गा खोट्यांची तारामती यांनी कथेला आवाज दिला, तोही तिला हवा होता तसा. ध्वनी हे त्या वर्षीचे नवे तंत्र होते, पण हरिश्चंद्राच्या गोष्टीत ते पाहुण्यासारखे आले नाही.

दीड वर्षात प्रभातने पुढचे पाऊल टाकले ते रंगाचे. यामागची महत्त्वाकांक्षा छोटी नव्हती. हॉलिवूडमध्येही रंगपटाचे तंत्र अजून चाचपडत होते. तिरंगी टेक्निकलर पद्धतीचा पहिला व्यावसायिक चित्रपट, डिस्नेचा 'फ्लॉवर्स अँड ट्रीज' हा छोटा कार्टूनपट, १९३२ चा आणि त्या पद्धतीचा पहिला संपूर्ण कथापट 'बेकी शार्प' १९३५ चा. या दोहोंच्या मधल्या काळात कोल्हापूरसारख्या संस्थानी गावातली कंपनी रंगीत पौराणिक बोलपट काढायला उभी राहते, या धाडसाला दाद दिलीच पाहिजे. त्यांनी घेतलेली पद्धत द्विरंगी होती. कॅमेऱ्यात दोन फिल्मा एकमेकींना चिकटून धावतात. एकीवर निळसर हिरव्या बाजूचे रंग उमटतात, दुसरीवर तांबूस नारिंगी बाजूचे. मग या दोहोंवरून एकच रंगीत प्रत छापली जाते. या पद्धतीची मर्यादा उघड आहे. दोनच रंगांच्या मिश्रणातून शुद्ध पिवळा, जांभळा किंवा खरा निळा मिळत नाही. शिवाय दोन फिल्मांमधून प्रकाश जायचा म्हणजे साध्या चित्रीकरणाच्या मानाने दिव्यांचा झोत कितीतरी वाढवावा लागतो. चित्रीकरण कोल्हापुरात झाले, पण प्रक्रिया आणि छपाई जर्मनीत करायची होती. त्यासाठी शांताराम स्वतः तिकडे गेले. ज्या प्रती हाती आल्या त्यांतले रंग भडक आणि डोळ्यांना खुपणारे निघाले. चित्रपट मराठीत आणि हिंदीत लागला आणि पडला. भारतातला पहिला रंगपट हा मानही त्याच्याकडे निर्विवाद राहिला नाही, कारण छपाई परदेशातली. देशातच प्रक्रिया झालेला पहिला रंगपट म्हणून इम्पीरियल कंपनीच्या १९३७ च्या 'किसान कन्या'चे नाव घेतले जाते.

आता विराटपर्व उघडून पाहावे. अज्ञातवासाचे वर्ष आहे. युधिष्ठिर कंक झाला आहे, भीम बल्लव नावाने भटारखान्यात आहे, अर्जुन बृहन्नडा बनून नाच शिकवतो आहे. द्रौपदी केस लपवते आणि एकच काळे, मळके वस्त्र गुंडाळून राणी सुदेष्णेच्या दारात सैरंध्री म्हणून उभी राहते. हे आख्यान मुळातच लपण्याचे आहे. ज्यांचे तेज लपत नाही त्यांनी ते वर्षभर झाकून कसे ठेवायचे, हाच त्यातला ताण आहे. सुदेष्णेचा भाऊ कीचक तिच्यामागे लागतो, भर दरबारात तिला लाथ मारतो आणि कंक तिला गप्प राहायला सांगतो. रात्री ती भटारखान्यात भीमाकडे जाते. काळोखात बोलणे होते. ठिकाण ठरते ते नर्तनागार, कारण दिवसा तिथे मुली नाच शिकतात आणि रात्री ते ओस पडते. भीम अंधारात दबा धरून बसतो. कीचक नटूनथटून येतो, अंधारात चाचपडतो आणि बाईच्या जागी मृत्यूला हात लावतो. पहाटे लोकांना सापडतो तो हातपाय कळू नयेत असा मांसाचा गोळा.

दरबारातली लाथ सोडली तर या कथेतला प्रत्येक निर्णायक प्रसंग अंधारात घडतो. नायिकेचा पोशाख काळा आहे. वध दिसण्यापेक्षा जाणवण्याचा आहे. समोर कोण आहे हे कीचकाला दिसत नाही आणि आपल्याला ठाऊक असते, या तफावतीवर तो प्रसंग उभा आहे. महाभारतात रंगासाठी आसुसलेली आख्याने कमी आहेत का? मयसभा आहे, द्रौपदीचे स्वयंवर आहे, खांडववनाची आग आहे. त्या सगळ्यांतून प्रभातने नेमके ते आख्यान निवडले, ज्यात रंगाला जागा नाही. द्विरंगी पद्धतीला झगझगीत उजेड लागतो आणि कथेला हवा होता काळोख. म्हणजे रंग उत्तम उमटले असते तरी तंत्र आणि कथा एकमेकांना विरुद्ध दिशांना ओढत राहिली असती. रंगाचा अर्थपूर्ण वापर या कथेत अशक्य होता असे मी म्हणत नाही. दागिन्यांनी, फुलांनी नटलेला कीचक तेवढा रंगीत आणि भोवतालचे पांडव धुळकट, असा विचार करणारा दिग्दर्शक या अंधारातूनही काही मिळवू शकला असता. पण तेवढी नेमकी निवड करायला रंगांवर ताबा लागतो आणि लाल-हिरव्याच्या दोन टोकांत तो सापडणे कठीण. या चित्रपटाची ओळख तेव्हा आणि आजही 'रंगीत सैरंध्री' एवढीच राहिली. ती पाहून कथेविषयी कुणाला काही नवे कळले, अशी ओळख तिला मिळाली नाही.

इथे कुणी म्हणेल की १९२० ची सैरंध्री तरी कुठे अंधारात चित्रित झाली होती? तेव्हा उन्हातच काम चाले. कृत्रिम दिव्यांचा वापर बाबूरावांनी 'सिंहगड'मध्ये केला, तो १९२३ साली. मुद्दा रास्त आहे. पण कृष्णधवल चित्रात काळोख हा करार असतो. रंग आधीच काढून घेतलेले असतात आणि पाहणाऱ्याचा डोळा छायेला रात्र मानायला तयार असतो. बाबूराव या कराराचे मोठे जाणकार होते. त्यांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश'मधली अंधूक उजेडातली झोपडी आणि तिच्यापाशी विव्हळणारा कुत्रा हे दृश्य, चित्रपट पाहिलेल्या लोकांनी कित्येक वर्षांनंतरही आठवणीने सांगितले आहे. आयुष्यभर रंगांत हात बुडवलेल्या चित्रकाराने पडद्यावर मात्र उजेड आणि सावली एवढ्यावरच काम भागवले. हे माध्यम काय देऊ शकते आणि काय नाही, याची त्यांना पुरती जाण होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रंग जर नीट उमटले असते तर लोकांनी चित्रपट डोक्यावर घेतला असता आणि आज आपण निवडीची चर्चा केलीच नसती, असा तो आक्षेप. त्याचे उत्तर पुढच्या इतिहासातच सापडते. सोहराब मोदींनी १९५३ साली 'झाँसी की रानी' टेक्निकलरमध्ये काढला. तंत्रज्ञ हॉलिवूडचे, रंग निर्दोष, खर्च प्रचंड आणि कथा घराघरात ठाऊक असलेली. तो सपशेल पडला. दोन वर्षांनी, १९५५ साली, त्याच टेक्निकलरमध्ये शांतारामांचा 'झनक झनक पायल बाजे' आला आणि अफाट चालला. दोन्हींत रंग चांगले होते, फरक विषयाचा होता. नृत्याला रंग हवा असतो. वेशभूषा, हालचाल, दिव्यांचा खेळ हे त्या कथेचे अंगच होते. बावीस वर्षांपूर्वी ज्या दिग्दर्शकाचे रंग फसले, त्याच दिग्दर्शकाला रंगाचे खरे घर सापडल्यावर प्रेक्षकांनी हात आखडता घेतला नाही. चांगला रंग हा यशाला पुरेसा नसतो, हे या जोडीवरून दिसते. मग वाईट रंग हे अपयशाचे संपूर्ण कारण कसे मानायचे?

तिसरा आक्षेप राजकारणाचा. १९२० साली बाबूरावांना जे साधता आले ते १९३३ साली सेन्सॉरने साधू दिले नसते, म्हणून प्रभातला तंत्राचाच आधार घ्यावा लागला, असे म्हणता येईल. प्रभातला सेन्सॉरचा जाच झाला होता हे खरेच आहे. शिवरायांवरच्या त्यांच्या १९३० च्या मूकपटाच्या नावात 'स्वराज्य' हा शब्द होता, तो काढून 'उदयकाल' असे नाव द्यावे लागले. पुढे एकनाथांवरच्या चित्रपटाचे 'महात्मा' हे नाव बदलून १९३५ साली 'धर्मात्मा' करावे लागले. पण याच प्रभातने १९३४ साली 'अमृतमंथन' काढून धर्माच्या नावाने चालणाऱ्या सत्तेला पडद्यावर आव्हान दिले. आणि १९३८ साली तर त्यांनी स्वतःचाच १९२९ चा पहिला मूकपट 'गोपाळकृष्ण' बोलपट म्हणून पुन्हा केला. दामले-फत्तेलालांच्या या चित्रपटात राम मराठे बाळकृष्ण आणि शांता आपटे राधा. कंसाच्या जुलमापुढे गोकुळ कसे उभे राहते, यावर त्यांनी भर दिला आणि परक्या राज्यात राहणाऱ्या प्रेक्षकाला तो भर बरोबर कळला. सेन्सॉर तेव्हाही होताच. पुराणकथा तीच, चित्रपट दुसऱ्यांदा, कंपनीही तीच, तरी तो चालला, कारण गोपाळांची कथा आज का सांगायची याचे उत्तर त्यात होते. लोक पुराणांना कंटाळले होते, हा युक्तिवादही याच उदाहरणापुढे टिकत नाही.

कोल्हापूरच्या दृष्टीने या प्रकरणाला आणखी एक बाजू आहे आणि मला ती सर्वांत जास्त लागते. हे गाव चित्रकारांचे. आबालाल रहिमानांसारखा रंगांचा जादूगार याच गावात राहिला आणि १९३१ साली, म्हणजे रंगीत सैरंध्रीच्या दोनच वर्षे आधी, वारला. दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर, त्यांच्या हाताखाली घडलेले फत्तेलाल, अशी परंपरा जिथे आहे तिथे रंग फसावेत, हे पहिल्यांदा ऐकताना खरे वाटत नाही. पण चित्रकाराचा रंग त्याच्या डोळ्यांसमोर कालवला जातो. कमी पडला तर तो थांबतो, मागे सरकून पाहतो, पुन्हा लावतो. द्विरंगी फिल्ममध्ये हे शक्य नव्हते. सेटवर फत्तेलालांनी कितीही विचार करून रंग ठरवले तरी प्रतीवर ते कसे दिसणार हे हजारो मैलांवरच्या जर्मन रसायनशाळेत ठरत होते. १९१८ साली ज्या गावाने कॅमेरासुद्धा स्वतः घडवला, त्याच गावच्या कलावंतांच्या हातून १९३३ साली चित्राचा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा हात निसटला. पहिल्या सैरंध्रीत लेखणीपासून ते छापील कागदापर्यंत सगळे काम एका छपराखाली होते. बाबूराव आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवत आणि माहितीपुस्तिकाही काढत. दुसऱ्या सैरंध्रीत ही साखळी तुटली आणि तीही नेमक्या त्या कडीपाशी, जिच्यावर सारी भिस्त ठेवलेली होती. हा दोष प्रभातच्या कारागिरीचा मुळीच नाही. पण जे आपल्या हातात नाही त्यावर सगळा डाव लावायचा, हा निर्णय मात्र त्यांचाच होता.

प्रयोग करणाऱ्याला इतके कठोरपणे जोखावे का, असाही प्रश्न येईल. मी तर म्हणेन की प्रभातसारख्या कंपनीला याच मापाने जोखायला हवे, कारण तिने स्वतःच आपल्याला या मापाने जोखले. शांताराम जर्मनीहून रंगांच्या बाबतीत निराश होऊन परतले, पण रिकाम्या हातांनी परतले नाहीत. तिकडच्या चित्रपटांतली प्रकाशयोजना त्यांनी डोळसपणे पाहिली आणि लांब पल्ल्याचे भिंग सोबत आणले. १९३३ सालीच प्रभातने कोल्हापूर सोडून पुण्याला बस्तान हलवले. तिथे उभारलेल्या नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट 'अमृतमंथन'. त्यात रंग नाहीत. दाट काळोख, मशालींचा उजेड आणि त्या काळोखातून पडदाभर मोठा होणारा चंद्रमोहन यांचा एक डोळा आहे. राजगुरूची सत्ता आणि तिची दहशत यांची ती कथा आहे आणि अंधाराशिवाय ती सांगताच आली नसती. ज्या प्रवासात सैरंध्रीचे रंग हरवले, त्याच प्रवासात सैरंध्रीला लागणारा अंधार सापडला, फक्त तो दुसऱ्या चित्रपटाच्या वाट्याला आला. एक वर्ष आधी तो हाती लागला असता तर नर्तनागारातला तो प्रसंग मराठी पडद्यावर कसा दिसला असता, याची कल्पना 'अमृतमंथन' पाहणारा कुणीही करू शकतो.

प्रभात गेल्यानंतर कोल्हापूरचा चित्रधंदा बंद पडला नाही. राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली, शालिनी सिनेटोन उभी राहिली आणि पुढे भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओत अनेक वर्षे गाजवली. पण जुन्या यशाचा दुसरा भाग काढण्याचा मोह गावाला सोडून गेला नाही आणि या वेळी त्यात खुद्द बाबूराव पेंटर सापडले. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद झाल्यावर त्यांनी १९३६ साली शालिनी सिनेटोनसाठी आपलाच 'सावकारी पाश' बोलपट म्हणून पुन्हा केला. विषय तोच, सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्याचा, आणि महामंदीत होरपळलेल्या खेड्यांना तो तेव्हा पहिल्यापेक्षाही जवळचा असायला हवा होता. दिग्दर्शकही तोच. नवे होते ते ध्वनीचे तंत्र आणि त्याच्याशी बाबूरावांचे कधीच नीट जमले नाही. त्यांची सगळी भाषा चित्राची होती. 'सावकारी पाश' म्हटले की आजही चित्रपटाचे अभ्यासक १९२५ च्या मूकपटाबद्दलच बोलतात. बोलपटाचा उल्लेख झालाच तर एखाद्या ओळीत होतो. शिष्यांचा रंग आणि गुरूंचा आवाज, दोन्ही त्या त्या काळची सर्वांत आधुनिक साधने होती. १९२५ साली त्या मुक्या कुत्र्याचे विव्हळणे प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला ऐकू आले होते, आणि ते ऐकवायला तेव्हा ध्वनियंत्राची गरज पडली नव्हती.